डोंबिवलीत तो बँड संथ वाजायचा

विठ्ठलवाडीहून फोन आला तेव्हा मी इडलीचं वाटत होते. मिक्सर बंद करून फोन उचलला तर पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "अगं, ते परत आलेत."

"कोण?"

"कोण काय कोण? आपले! नवीन अल्बम काढलाय. सगळे एकत्र. तू आत्ताच्या आत्ता ऐक. मी काही सांगत नाही. शेवटचं गाणं ऐक आणि मग मला फोन कर."

हा आमच्या दादाचा कॉलेजपासूनचा मित्र. शाळेत गणित शिकवायचा, आता निवृत्त झालाय. एरवी फोनवर तब्येत, पेन्शन आणि पाणी आलं का, याच्यापुढे गाडी जात नाही. त्याचा आवाज असा कापताना मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि हात धुतले.

"आपले" म्हणजे एक इंग्लिश बँड. न्यू वेव्ह म्हणतात त्या संगीताला, हे मला फार नंतर कळलं. आमच्यासाठी ते नुसते "ते" होते. कॅसेटच्या फोटोत त्यांचे केस असे उभे होते की आई म्हणाली, "यांना शॉक बसलाय का?" गिटार कमी, सिंथेसायझर जास्त, आणि मधोमध एक माणूस खूप दुःखात असूनही कपडे मात्र कडक इस्त्रीचे घालून गातोय, असं एकूण प्रकरण. निम्मे शब्द कळायचे नाहीत. जे कळायचे त्यांचा अर्थ लागायचा नाही. पण आम्ही तिघं, म्हणजे दादा, त्याचा हा मित्र आणि मी, त्या गाण्यांनी पार झपाटून गेलो होतो.

कॅसेट आमची नव्हती. दादाच्या वर्गातल्या एकाच्या मामाने ती आखातातून आणलेली. मिळाली ती एका दिवसापुरती, संध्याकाळी परत करायच्या अटीवर. आमच्या टू-इन-वनचं रेकॉर्डिंगचं बटण तुटलेलं होतं, म्हणून शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला. आमच्या यंत्रावर मूळ कॅसेट लावायची, मधे वायर, आणि शेजाऱ्यांच्या यंत्रावर कोरी कॅसेट. दादाने आईला त्या वेळात कुकर लावायलाही बंदी केली होती, कारण शिट्टी येईल. वायरीतून शिट्टी येत नाही हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "तू गप्प बस."

आता यातली गोम अशी की आमच्या टू-इन-वनचा आतला बेल्ट सैल झाला होता. ते यंत्र मुळातच हळू चालायचं. आईची भक्तिगीतं त्यावर जरा रडकी वाजायची, पण भक्तिगीतं रडकीच असतात असा आमचा समज. त्यामुळे झालं काय, मूळ कॅसेट वाजली हळू, आणि हळू वाजलेलीच कोऱ्या कॅसेटवर उतरली. मग ती कुठल्याही चांगल्या यंत्रावर लावा, गाणी संथच यायची आणि गाणाऱ्याचा आवाज चांगला खाली, खर्जात गेलेला असायचा. आमच्या त्या कॅसेटवरून पुढे अर्ध्या डोंबिवलीने कॉप्या केल्या. सगळ्या जगात तो बँड एका वेगाने वाजत होता आणि डोंबिवली पूर्वेला दुसऱ्याच. पुढे आमच्या यंत्राचा बेल्ट बदलला, आईची भक्तिगीतं एकदम तरतरीत झाली, तेव्हाही आम्हा शहाण्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दादाचं त्या आवाजावर जे प्रेम बसलं त्याला कारण होतं. दादाचा स्वतःचा आवाज जड. खालून त्याने "आई" अशी हाक मारली तर पहिल्या मजल्यावरच्या काकू दचकायच्या. गळा सुरेल होता, पण आमच्याकडे पुरुषाने भावगीत म्हणायचं तर आवाज कसा, साखरेच्या पाकासारखा हवा. कॉलेजच्या सुगम गायनाच्या स्पर्धेत परीक्षक त्याला म्हणाले, "आवाज चांगला आहे, पण निवेदनाला." सगळे हसले. दादाही हसला, आणि घरी येऊन जेवला नाही.

त्यानंतर ही कॅसेट आली. तिच्यातला माणूस दादाइतक्याच जड आवाजात, अजिबात न लाजता, प्रेमाबिमाची गाणी म्हणत होता. दादा पहिल्यांदा ऐकताना उभाच राहिला होता. गाणं संपल्यावर म्हणाला, "म्हणजे असाही आवाज चालतो." तेव्हापासून तो रोज त्या माणसाबरोबर गायला लागला. अंघोळीला, अभ्यासाला, गच्चीवर कपडे वाळत घालताना. कॅसेटमधलं शेवटचं गाणं त्याचं सगळ्यात लाडकं. गल्लीतली पोरं त्याला चिडवायची, पण मला विचाराल तर माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर गाणं मी त्या गच्चीवर, ओल्या चादरींच्या मागून ऐकलंय. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आमच्या घरात भावाबहिणींनी एकमेकांचं कौतुक करायची पद्धत नव्हती.

मित्राची अडचण वेगळी. तो त्यांच्या चाळीच्या चौदा एप्रिलच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, आणि या गाण्यांचा सूर त्याला कीबोर्डवर सापडेना. शेवटच्या गाण्याचा षड्ज काळी चारच्या जरा वर आणि पांढरी सहाच्या जरा खाली पडायचा. दोन पट्ट्यांच्या मधे, जिथे पट्टीच नाही. तो बिचारा दोन्ही बोटं आलटून पालटून दाबून बघायचा आणि वैतागायचा.

यातून दादाने जो सिद्धांत काढला तो फक्त डोंबिवलीकरच काढू शकतो. आमच्याकडे घरटी एक पेटी, दर दोन घरांत एक गाण्याचा क्लास आणि प्रत्येक माणसाचं संगीतावर मत. दादा म्हणाला, "अरे, हे लोक श्रुती लावतायत! आपल्या बावीस श्रुती! कीबोर्डवर सापडतील कशा?" नुसता म्हणून थांबला असता तर ठीक होतं. त्याने वाचनालयाच्या युवक मंडळात यावर व्याख्यान दिलं. टेपरेकॉर्डर टेबलावर, बाजूला पेटी. शेवटचं गाणं लावायचा, थांबवायचा, पेटीवर काळी चार दाबायचा, पांढरी सहा दाबायचा, आणि म्हणायचा, "ऐका, सूर या दोघांच्या मधे आहे." आणि तो खरोखरच मधे होता! पहिल्या रांगेतले एक वयोवृद्ध गायनशिक्षक डोळे मिटून मान डोलवत होते. शेवटी उठून म्हणाले, "अखेर त्यांनाही आपल्याकडेच यावं लागलं." टाळ्यांचा कडकडाट झाला. मीसुद्धा अभिमानाने हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

पुढे काही वर्षांनी दादा नोकरीला लागला. आम्ही दोघं गावाकडच्या एका लग्नाला निघालो होतो आणि ठाण्याला खोपटच्या डेपोत एसटीची वाट बघत होतो. गाडीला वेळ होता. जवळच एक म्युझिकचं दुकान होतं, सीडी नव्यानेच आल्या होत्या. आत त्या बँडची सीडी दिसली. दादाने इतक्या घाईने पाकीट काढलं की सुटे पैसे खाली सांडले. म्हणाला, "जरा वाजवून दाखवता का? शेवटचं."

दुकानदाराने लावलं. गाणं तेच होतं, पण कुणीतरी मागे लागल्यासारखं पळत होतं. आणि आवाज! पातळ, उंच, चकचकीत. एखाद्या पोरसवदा मुलाचा.

दादा शांतपणे म्हणाला, "तुमचं मशीन फास्ट चालतंय."

"सीडी फास्ट चालत नाही, साहेब."

"चालतंय. हा माणूस खाली गातो."

दुकानदार भला होता, वाद घातला नाही. त्याने जुन्या मराठी गाण्यांची एक सीडी काढून लावली, लहानपणापासून रेडिओवर हजारदा ऐकलेलं एक गाणं. ते अगदी जसंच्या तसं वाजलं. दादा ते पूर्ण ऐकत उभा राहिला. मग त्याने पाकीट खिशात घातलं, दुकानदाराला धन्यवाद दिले आणि आम्ही डेपोत परतलो. गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. घाट लागल्यावर एवढंच म्हणाला, "बेल्ट." मी हसायला गेले, पण त्याचा चेहरा बघून हसू जागच्या जागी राहिलं.

श्रुतींची फजिती झाली म्हणून नव्हतं ते. फजिती तो पचवू शकला असता. पुढे तो किस्सा आम्ही चारचौघांत किती वेळा सांगितला. पण ज्या आवाजाच्या जिवावर त्याने स्वतःचा आवाज बाहेर काढला होता, तो आवाज कुणाचाच नव्हता. एका सैल बेल्टचा होता. असा आवाज चालतो म्हणून ज्याने सांगितलं, तो माणूसच जगात नव्हता.

दादा गायचा बंद झाला. एकदम, कायमचा. लग्नात वहिनींनी नाव घेतलं आणि सगळ्यांनी याला गाण्याचा आग्रह केला, तर पाणी पिऊन आला. गणपतीच्या आरतीला तो नुसत्या टाळ्या वाजवतो. वहिनी स्वतः काम करताना सारखं काहीतरी गुणगुणत असतात. एकदा मला म्हणाल्या, "यांना गाणं म्हणून आवडत नाही. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट आवडायलाच हवी असं थोडंच आहे?" मी विषय बदलला. ज्या बाईने संसार केला तिने आपल्या नवऱ्याचा सगळ्यात चांगला गुण कधी पाहिलाच नव्हता, आणि तो मी चादरींच्या मागे उभी राहून फुकटात ऐकला होता. मला याचा राग यायचा. दादाचा, दुकानदाराचा, त्या बेल्टचाही. आणि अलीकडे भीती वाटायला लागली होती, कारण आवाज काही कायम राहत नाही आणि माणूसही.

तर, त्या दिवशी हात पुसून मी फोनवर अल्बम लावला. लावायच्या आधी मात्र एक चूक केली. खाली जगभरच्या लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं. कुणी रडले होते, कुणी जुन्या दिवसांना सलाम केला होता, पण बरेच जण हळहळत होते. "आवाज गेला." "पूर्वीची ती उंच तान कुठे आहे?" "इतकं संथ का गातायत, दमले का?" कुणीतरी लिहिलं होतं, जुन्या अल्बमचं शेवटचं गाणं याही अल्बमच्या शेवटी पुन्हा म्हणायला नको होतं, सूर खाली उतरवून आणि चाल रेंगाळवून त्याची वाट लावली. मला वाटलं, झालं, म्हातारपणी माणसाने घरी बसावं तेच खरं.

मग मी ते शेवटचं गाणं लावलं.

पहिली ओळ आली. मी ओट्याला धरून उभी राहिले. तो आमची कॅसेट गात होता. तोच वेग. तोच जड, खाली उतरलेला, कुठेही न लाजणारा आवाज. कोकरागत उड्या मारणारा तो खोपटच्या दुकानातला मुलगा कुठल्या कुठे गेला होता. सत्तरीला टेकलेला एक माणूस होता, ज्याला आता उंच स्वर झेपत नव्हते म्हणून त्याने गाणं खाली आणलं होतं, दमछाक होते म्हणून चाल धीमी केली होती, आणि असं करत करत तो बरोबर आमच्या डोंबिवलीच्या खोलीत येऊन पोचला होता. आयुष्यभर गाऊन त्याने जो आवाज मिळवला, तो आम्ही विशीच्या आतच ऐकून बसलो होतो.

मला देवाधर्माचं फारसं नाही, पण त्या क्षणी मी फोनला चक्क हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी एकटीच स्वयंपाकघरात म्हणत होते, "आहे की रे, आहेस की तू!" ज्यांनी "आवाज गेला" असं लिहिलं होतं त्या सगळ्यांना मला सांगायचं होतं की, बाबांनो, गेला नाही, आत्ता कुठे आलाय.

विठ्ठलवाडीला फोन लावला. त्याने पहिल्या रिंगला उचलला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"अगं, आणि सांगू? मी कीबोर्ड काढला. काळी चार! बरोबर काळी चार, मधेबिधे काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते गाणं मला पट्टीवर सापडलं." मग म्हणाला, "त्याला कसं ऐकवायचं?"

हाच खरा प्रश्न होता. दादाकडे त्या बँडचं नाव काढायची सोय नव्हती. आम्ही ठरवलं की काही सांगायचं नाही. रविवारी कोपरीला दादाच्या घरी जेवायला जायचं, मित्राने त्याच्या नातीचा छोटा स्पीकर आणायचा, आणि जेवणं झाली की लावून टाकायचं. उठून गेला तर गेला.

वहिनींनी वालाचं बिरडं आणि जिलब्या केल्या होत्या. मित्र जेवताना इतका गप्प होता की वहिनींनी त्याला दोनदा विचारलं, मीठ कमी आहे का. मी उगाचच सोसायटीच्या लिफ्टबद्दल बोलत राहिले. दादा निवांत होता, त्याने जिलबी मोडून मोडून खाल्ली. मग तो बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत पुरवणी घेऊन बसला. वहिनी आत ओटा आवरायला गेल्या. मित्राने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्याने बटण दाबलं.

सिंथेसायझरचे पहिले सूर आले तशी दादाच्या हातातली पुरवणी खाली आली. मला वाटलं, आता उठणार. उठला नाही. आवाज सुरू झाला तेव्हा तो मान वाकडी करून ऐकायला लागला, आणि पहिलं कडवं संपल्यावर अगदी साध्या सुरात मित्राला म्हणाला, "आपली कॅसेट अजून आहे तुझ्याकडे? चांगली टिकली की रे."

मित्र माझ्याकडे बघायला लागला. म्हणून मीच बोलले. "दादा, कॅसेट नाहीये ही. हे आत्ताचं आहे. नवीन अल्बम आलाय त्यांचा."

"चल."

"शप्पथ. तोच माणूस आहे. म्हातारा झालाय. आता असाच गातो."

दादाने एकदा माझ्याकडे आणि एकदा स्पीकरकडे बघितलं. मग मित्राला विचारलं, "पट्टी?"

"काळी चार."

"जरा वर?"

"नाही रे. बरोबर काळी चार."

दादाने चष्मा काढून पुरवणीवर ठेवला. गाणं संपलं तेव्हा म्हणाला, "परत लाव."

मित्राने परत लावलं. दुसऱ्यांदा दादा डोळे मिटून ऐकत होता, त्याचे ओठ हलत होते. तिसऱ्यांदा लावायला त्याला सांगावंच लागलं नाही. आणि या वेळी दुसऱ्या कडव्याला, जिथे तो माणूस सगळ्यात खाली उतरतो तिथे, खोलीत आणखी एक आवाज आला. आधी नुसता घसा खाकरल्यासारखा, मग चाचपडत, मग ओळ पकडत. गंजला होता, एका जागी फाटलाही. पण तो तोच होता, गच्चीवरचा. शब्द सगळे पाठ होते त्याला. खोपटपासून इथपर्यंत एवढी वर्षं त्याने ते कुठे ठेवले होते, देव जाणे. दादा गात होता आणि इतक्या लांबचा तो इंग्लिश माणूस त्याच्या बरोबरीने, त्याच पट्टीत, त्याच वेगात गात होता. दोन म्हातारे, शेजारी शेजारी. मी आणि मित्र एकमेकांकडे बघायचं टाळत होतो, कारण बघितलं असतं तर दोघंही मोठ्याने रडलो असतो.

आतला भांड्यांचा आवाज कधी थांबला ते मला कळलं नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. हात साबणाने माखलेले, कोपरावरून पाणी खाली ठिबकतंय. दादाची पाठ त्यांच्याकडे होती, त्यामुळे त्याचं तोंड त्यांना दिसत नव्हतं. त्या आधी स्पीकरकडे बघत राहिल्या, मग दादाच्या पाठीकडे, मग परत स्पीकरकडे. मी उठून त्यांच्याजवळ गेले.

अगदी हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "यातला यांचा कुठला?"

"खुर्चीतून येतोय तो," मी म्हटलं.

वहिनी जरा वेळ ऐकत राहिल्या. मग दादाला कळणार नाही अशा बेताने मित्राला ओल्या हाताने खूण केली आणि म्हणाल्या, "मग तो दुसरा जरा बारीक करा ना."